टीव्हीखालचं की हातातलं

दोन भावांच्या दुकानात मधोमध प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि ते मामांनी घातलेलं होतं. मामा काही सुतार नव्हते, पण भांडण मिटवायला बोलावलं की माणसाला सुतार, वकील, न्यायाधीश सगळंच व्हावंसं वाटतं. वडील गेल्यावर कुठलं गिऱ्हाईक कोणाचं यावरून दोघांची रोज जुंपायची. तेव्हा मामांनी नियम घालून दिला. जे टीव्हीला जोडतात ते थोरल्याने दुरुस्त करायचं, जे हातात धरतात ते धाकट्याने. म्हणजे टीव्ही, प्लेअर, टीव्हीखाली ठेवायचे गेमचे मोठे खोके डावीकडे. मोबाइल आणि पोरं हातात घेऊन फिरतात ते छोटे गेम उजवीकडे. शटर एक, पाटी एक, आणि आत दोन राज्यं. बोलणं कामापुरतं, तेही पार्टिशनच्या वरून.

नियम साधा होता म्हणून टिकला. वस्तू बनवणारे लोक एक दिवस दोन्हीकडे चालणारं मशीन बनवतील हे मामांच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

ते मशीन मेट्रनबाईंनी आणलं. बाई सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून ड्यूटीवर होता. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं गेमचं मशीन डाव्या काउंटरवर ठेवलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना निघणारी बटणांची दांडकी, आणि सोबत एक स्टँड.

"चार्ज होत नाही, टीव्हीवर चित्र येत नाही," बाई म्हणाल्या. "रविवारी नातीबरोबर माझी शर्यत असते. ती तिकडे परदेशात, मी इथे. मागच्या वेळी हरलेय, तेव्हा हयगय चालणार नाही."

थोरल्याने मशीन हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवलं. स्क्रू असणार, पण इतके बारीक की बोटाला लागता लागेनात, आणि डोळ्यांना तर दिसलेच नाहीत. त्याने मशीन पटकन खाली ठेवलं.

कारण थोरल्याला दिसेनासं झालं होतं. वर्षभर सगळं जग प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाहावं तसं झालं होतं. दिवा लावला की उजेड नुसता फुटायचा. आणि याच दुकानात, याच स्टुलावर त्यांचे वडील काचबिंदूने आंधळे झाले होते. शेवटी शेवटी ते नुसते बसून असायचे, कोणी हातात पार्ट दिला की चाचपून नाव सांगायचे आणि बरोबर आलं की लहान मुलासारखे खूश व्हायचे. थोरल्याला ते खूश होणं सगळ्यात जास्त आठवायचं. आता आपली पाळी, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. टीव्हीचे स्क्रू मोठे असतात, ते चाचपून निघायचे. बारीक काम आलं की 'पार्ट मिळत नाही' म्हणून तो हात झटकायचा.

"बाई, हे हातातलं आहे," तो म्हणाला. "पलीकडे द्या."

पार्टिशनवरून धाकट्याचं डोकं वर आलं. "छे! हातातलं कसलं? ते स्टँडमध्ये उभं करायचं आणि टीव्हीला जोडायचं. घरचं मशीन आहे. दादाचं काम."

"याला स्वतःचा पडदा आहे. टीव्हीला कधी पडदा जोडतात का?"

"मग स्टँड कशाला दिलाय? शोभेला?"

बाजारात दोन दुकानदार गिऱ्हाईक ओढताना सगळ्यांनी पाहिले होते, ढकलताना कोणी पाहिले नव्हते. शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला. किल्ल्या बनवणारा आला. फुकटचा तमाशा म्हटल्यावर कोणाचं काम अडत नाही.

"किल्ली दाराला लागते, पण राहते खिशात," किल्लीवाला म्हणाला. "तिला कोणी दाराचा भाग म्हणत नाही. हे हातातलंच."

"पण ते चार्ज कुठे होतं?" शिंप्याने विचारलं. "स्टँडमध्ये ना? जिथे जेवतं ते त्याचं घर."

"बॅटरीवर चालतं ते फिरतं!"

"मनगटावरची घड्याळं बॅटरीवर चालतात आणि भिंतीवरचीही. भिंत फिरते का?"

लोक हसले. थोरला मात्र पेटला होता. धाकट्याला आपल्या डोळ्यांचं कळलंय, असं त्याला वाटू लागलं. कळलंय, म्हणूनच हा चार लोकांत हे मशीन माझ्या गळ्यात मारतोय. लहानपणी कडेवर घेऊन फिरवला तो हा.

"एक ना धड भाराभर चिंध्या," तो मशीनवर ओरडला. "घरचं तरी असावं नाहीतर दारचं तरी!"

शेवटी मेट्रनबाईंनी काउंटरवर थाप मारली. "पुरे! मी हे घराबाहेर कधी नेत नाही. टीव्हीसमोर खुर्ची ओढते आणि खेळते. बाकीचे काय करतात ते मला ठाऊक नाही, माझं हे घरचं आहे. डावीकडे ठेवा. उद्या येते."

निवाडा झाला. लोक पांगले. धाकट्याचं डोकं खाली गेलं, आणि थोरला त्या मशीनसमोर एकटा उरला.

त्याने दिवा जवळ ओढला. उजेड फुटला. दिवा लांब ढकलला, तर अंधार. मग त्याने डोळे मिटले आणि वडील करायचे तसं बोटांवर सोडलं. डोक्यावर तीन पात्यांची खाच असलेले ते स्क्रू एकेक निघाले. ते त्याने पांढऱ्या फडक्यावर निघाले त्या क्रमाने मांडले, ही वडिलांची शिस्त. आत पोहोचल्यावर मात्र बोटंही हरली. बोर्डावरच्या बारीक पट्ट्या बोटाने चाचपायच्या नसतात, तुटतात. त्याने घाम पुसला, झाकण बसवलं, स्क्रू घाईघाईने परत लावले आणि मशीन टॉवेलात गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा त्याने त्यांच्याकडे न पाहता सांगितलं, "पार्ट मिळत नाही, बाई. हे होणार नाही."

इस्पितळात जन्म काढलेल्या बाईला 'होणार नाही' ऐकायची सवय असते आणि ते न मानायचीही. त्यांनी मशीन उचललं, दोन पावलं उजवीकडे गेल्या आणि धाकट्यासमोर ठेवलं. "आता तुम्ही बघा. आणि घरचं की हातातलं हे मला परत सांगाल तर याद राखा."

थोरला पार्टिशनला कान लावून बसला. आतापर्यंत तिरस्काराने लावायचा, आज भीतीने. स्क्रूड्रायव्हरचा आवाज आला. वाटीत एक स्क्रू पडला, मग दुसरा, तिसरा. आणि मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की बाईंनीही विचारलं, "काय झालं?"

पार्टिशनवरून धाकट्याचं डोकं वर आलं नाही. तो उठला, फुटपाथवर उतरला आणि वळसा घालून डावीकडच्या राज्यात शिरला. मामांनी पार्टिशन घातल्यापासून तो या बाजूला आला नव्हता. त्याने थोरल्याचा हात धरला आणि तळव्यावर एक स्क्रू ठेवला.

"दादा, हा चार्जिंगच्या तोंडापाशी होता."

थोरल्याने स्क्रू चिमटीत फिरवला. लांब होता. तिथे आखूड लागतो. लांब स्क्रू आखूड जागेत आवळला की खालचा बोर्ड फोडतो. या धंद्यात याहून मोठी चूक नाही, आणि ती शिकाऊ पोरं करतात.

"नशीब, पुरता आवळला नव्हता, बोर्ड वाचलाय," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "पण दादा, मी पहिल्यांदा असा स्क्रू लावला तेव्हा तू मला सणसणीत टपली मारली होतीस. बाबा म्हणाले होते, असू दे, लहान आहे, तर तू त्यांच्यावरही चिडला होतास. तू असा स्क्रू लावणार नाहीस. मेलास तरी लावणार नाहीस. काय झालंय?"

थोरल्याने टाळाटाळ करायला तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांनी कोणी हात धरून विचारत होतं. त्याला रडूच आलं.

"मला दिसत नाही रे. बाबांसारखं झालंय. तुला कळलं होतं, म्हणूनच काल हे माझ्या गळ्यात मारत होतास ना?"

"मला? मला काय कळणार!" धाकट्याने त्याचा हात अजून सोडला नव्हता. "तुझ्याकडे आठवडा आठवडा कोणी येत नाही. टीव्ही आता दुरुस्त कोण करतं? म्हटलं, एक बरं काम आलंय, ते तरी तुला मिळावं. मी आपण होऊन दिलं असतं तर तू घेतलं नसतंस. म्हणून भांडलो."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. एकाला स्पष्ट दिसत होतं, दुसऱ्याला नाही, पण अक्कल दोघांनाही सारखीच होती.

"कोणाला दिसत नाही?" मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. लपवाछपवीची बातमी त्यांच्यापासून कधी लपत नसे. "टॉर्च आहे का? द्या इकडे. वर बघा. इकडे बघा. अहो, बाहुलीत पांढरं दिसतंय की!"

"काचबिंदू आहे बाई. वडिलांनाही—"

"काचबिंदू असा वरून दिसत नसतो. हा मोतीबिंदू वाटतोय, चांगला पिकलेला. आयुष्यभर असे डोळे पाहिलेत मी. पक्कं काय ते डॉक्टर सांगतील. आणि वडिलांना काचबिंदू होता म्हणता, तर तुम्ही दर वर्षी तपासायला जायला हवं होतं. घाबरून घरी बसला? गाढवपणा!"

थोरल्याला आयुष्यात कोणी इतकं प्रेमाने गाढव म्हटलं नव्हतं.

तपासणीला धाकटाच घेऊन गेला. थोरल्याची पाचावर धारण बसली होती. बाकावर तो धाकट्याच्या शर्टाची बाही धरून बसला होता आणि आपण धरलीय हे त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी थेंब घातले, डोळ्यांतला दाब मोजला, आत डोकावून पाहिलं. दाब ठीक. नस ठीक. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. "ऑपरेशन करून टाकू," डॉक्टर शिंप्याने 'बाही कमी करून टाकू' म्हणावं तसं म्हणाले. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला आणि नुसता हसत सुटला. धाकट्याने वहिनीला फोन लावून त्याच्या हातात दिला, तर त्याला बोलताही येईना.

मशीनचं म्हणाल तर ते रविवारच्या आत झालं. दुखणं एकच होतं: चार्जिंगचं तोंड ढिलं. त्याच तोंडाने ते जेवायचं आणि त्याच तोंडाने टीव्हीशी बोलायचं. धाकट्याने नवीन तोंड बसवलं, पण तपासायला त्याच्या बाजूला टीव्हीच नव्हता. मग पार्टिशनवरून वायर टाकली.

"दादा, चित्र आलं का?"

"मला काय विचारतोस? बाईंना विचार!"

बाई म्हणाल्या, आलं. थोरला स्वतःच्या विनोदावर शिंप्याला ऐकू जाईल एवढा हसला.

ऑपरेशनं झाली. हिरवी पट्टी निघाली, थेंबांचे दिवस संपले, आणि एके सकाळी थोरला दुकानात आला. पार्टिशनवर किती धूळ आहे हे पाहून त्याने आधी तोंड वाकडं केलं. तेवढ्यात धाकट्याने हाक मारली. कोणीतरी तसलंच दोन्हीकडचं मशीन टाकून गेलं होतं. बाजारात शिंपी आणि किल्लीवाला अजून त्यावर भांडत होते, पण दुकानात तो वाद संपला होता. तसलं मशीन आलं की दोघांनी एका टेबलाशी बसायचं, बस्स.

धाकट्याने मशीन उघडलेलं होतं. पांढऱ्या फडक्यावर स्क्रू ओळीने मांडले होते. तो सहज म्हणावं तसं म्हणाला, "आता लावायला घेतो."

थोरल्याने फडक्याकडे पाहिलं. खिडकीतून नुसता साधा उजेड येत होता, फुटत नव्हता, आणि त्यात एकेका स्क्रूचे आटे दिसत होते.

"थांब. तो तिसरा लांब आहे. तो तिथला नाही."

"कुठे? सगळे सारखेच तर आहेत."

"सारखे? आंधळा आहेस का?" आणि थोरल्याने सवयीने, जुन्या जोराने, त्याच्या डोक्यात सणसणीत टपली मारली.

धाकटा वळला नाही. तो स्क्रू त्यानेच मुद्दाम तिथे ठेवला होता. डोकं तसंच खाली घालून तो म्हणाला, "अजून एक मार, दादा."