पुसलेल्या दोन ओळी

मित्रांनो, तुम्ही मला हातात धरू शकत नाही. मी एक जुनी फाइल आहे, संगणकातली. मला वजन नाही, वास नाही, आणि एका जागी स्वस्थ बसणे तर माझ्या नशिबातच नाही.

रूसे शहरातल्या विद्यापीठात टंकलेखिका पेन्काबाईंनी मला एका जुन्या वहीवरून टाइप केले. ग्राब्निक गाव धरणाखाली जाणार होते, म्हणून तिथली थडगी टेकडीवर हलवली होती. वर दगडांवर नुसते आकडे. कुठल्या आकड्याखाली कोण, हे माझ्यात लिहिलेले. प्राध्यापक ल्युबेन खुशीत म्हणाले, "सुटलो बुवा कागदांच्या कटकटीतून!" आणि मूळ वही रद्दीत गेली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

मग पळापळ सुरू झाली. एका फ्लॉपीवरून दुसरीवर, तिथून तबकडीवर, तिथून नव्या यंत्रावर. यंत्र बदलले की अक्षरांचे संकेतही बदलत. शेवटी माझी अक्षरे कुणालाच वाचता येईनात. मी आतून ओरडत होते, पण बाहेर नुसती चिन्हांची खिचडी दिसे. 'किरकोळ' नावाच्या कप्प्यात माझी सतरा वर्षे गेली. कोणी उघडेल म्हणून मी सारखी दाराकडे कान लावून असे.

एके सकाळी ग्राब्निकच्या दोब्रीना आजी डब्यात बानित्सा, म्हणजे चीज भरलेली खारी, घेऊन विद्यापीठात इस्क्राकडे आल्या. वय चौऱ्याऐंशी.

"पोरी, माझा भाऊ कुठल्या दगडाखाली आहे, तेवढं सांग. गुडघे साथ देतायत तोवर एक मेणबत्ती लावून येते."

इस्क्रा डिजिटल दस्तऐवजांवर संशोधन करत असे. तिने मला उघडले. शेजारचा सहकारी हसला, "अगं, ही फाइल आहे की कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय?"

"मांजर इतकं शिस्तीत चालत नाही," इस्क्रा म्हणाली. "हे बघ, प्रत्येक ओळीचा शेवट सारखाच. ही आडनावं आहेत!"

तिकडच्या आडनावांच्या शेवटी हमखास येणारे 'ओव्ह' आणि 'एव्हा' तिने आधी ओळखले. मग एकेक अक्षर सुटत गेले. तीन आठवड्यांत मी पुन्हा बोलू लागले. पण दोनशे तेरा आणि दोनशे चौदा या आकड्यांच्या ओळी रिकाम्या निघाल्या. कधीकाळी फ्लॉपीवर ओरखडा पडला होता आणि नक्कल करताना कोणी पडताळलेच नव्हते. आजींच्या भावाचे नाव बाकी कुठेच नव्हते.

इस्क्राने मान खाली घालून हे सांगितले.

आजींनी डबा उघडून इस्क्रापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "दोनच दगड ना? मग दोन मेणबत्त्या नेते. दुसराही कुणाचा तरी भाऊच असेल."

मित्रांनो, नुसते साठवून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. आम्हाला अधूनमधून उघडा, वाचा, नक्कल केली की ओळ न् ओळ ताडून पाहा. तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणीतरी गप्प पडले असेल. ते अजून बोलते का, ते आजच पाहा.