पैलतीराची वही

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने किल्ल्यांचे आकार गिरवून ठेवायला मला विकत घेतलं. माझ्या पहिल्या अकरा पानांवर अजून गिऱ्हाइकांच्या किल्ल्याच आहेत. बाराव्या पानापासून मात्र मेलेल्यांच्या नोंदी सुरू होतात.

घाबरू नका, हे मेलेले एका खेळातले. त्या माणसाच्या लेकीने पहिल्या पगारातून तो खेळ आणला आणि दर रविवारी दुपारी बापलेक टीव्हीसमोर बसू लागले. त्या खेळात कुणी मेलं की ते राखाडी नदीच्या काठावर पोचतं. खेळणाऱ्याने त्याला नावेत बसवलं की नावाडी एखादं वाक्य बोलतो, पलीकडे नेतो आणि ते पात्र कायमचं पुसलं जातं. पलीकडे काय आहे, ते खेळ कधीच दाखवत नाही.

लेकीला तेवढं पुरे होतं. पण बंद दार दिसलं की बापाचे हात शिवशिवायचे. त्याने माझ्यावर रकाने आखले: कोण मेलं, नावाडी काय म्हणाला, नंतर काय दिसलं. एके दिवशी मेलेल्या धनगराची काठी नव्या डावात विहिरीपाशी सापडली. ती ओळ त्याने इतक्या जोरात अधोरेखित केली, की माझं पान फाटलं.

"आत्मा परत येत नाही बघ, पण त्याची वस्तू येते," तो म्हणाला.

"बाबा, ती खेळातली चूक असेल. बनवणाऱ्यांनी एवढा विचार केलेला नसतो." लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, एका नमुन्यावर ती निकाल द्यायची नाही.

"मग आणखी नमुने घेऊ की."

त्यापायी त्याने पोटच्या पोरासारखी वाढवलेली पात्रं कड्यावरून ढकलली, तीही प्रत्येकाची माफी मागून. मला हसू यायचं. कुणाची वस्तू दुसऱ्या डावात मिळाली, कुणाची चौथ्या. एका विधवेची अंगठी थेट सातव्या डावात.

त्याचं शेवटचं पात्र म्हणजे चावीवाला, कमरेला पितळी किल्ली. तो नदीकाठी पोचला त्याच आठवड्यात बाप दवाखान्यात गेला आणि परत आला नाही.

दीड वर्ष लेकीने खेळ लावला नाही. चावीवाल्याला नावेत बसवलं की तो पुसला जाणार. मी कपाटात जुन्या कपड्यांखाली पडून होते. एकदा लेकीच्या आईचा आवाज आला, "त्याला किती दिवस असं ताटकळत ठेवणार आहेस गं?" मला तिचं म्हणणं पटलं आणि तिचा रागही आला.

पुढच्या रविवारी लेकीने मला बाहेर काढलं. चावीवाला नावेत बसला. नावाडी म्हणाला, "चला, पाणी शांत आहे." हेच तो आधी नऊ जणांना म्हणाला होता. तिने ते जसंच्या तसं लिहिलं, पुढे 'दहावा' असं नोंदवलं आणि माझ्या पानावर हात ठेवून पोटभर रडली. मग तिने नवा डाव मांडला.

आज सहावा डाव चालू आहे. किल्ली अजून सापडलेली नाही. आई शेजारी बसून म्हणते, "त्या विहिरीपाशी बघ ना परत." आणि पुराव्याशिवाय न बोलणारी लेक मुकाट्याने विहिरीकडे वळते.

माझी शिवण उसवली आहे, पानं पिवळी पडली आहेत. एवढंच मागणं आहे: इतक्यात मला रद्दीत घालू नका. चावीवाल्याचा शेवटचा रकाना अजून रिकामा आहे.