नमुन्याचा दिवस

माझा कशावर पटकन विश्वास बसत नाही, आणि त्या संगणकावर तर मुळीच नाही. आमच्याकडे कचरा जाळून वीज करतात. भट्टीचं तापमान आणि कचऱ्याचं वजन पाहून आज धुरातून किती शिसं, किती कॅडमियम जाईल, ते हा महाशय आधीच सांगतो. चिमणीतल्या धुराचे नमुने घेणारी मी. वर्षभर माझे आकडे आणि त्याचा अंदाज तंतोतंत जुळतायत. इतकं गुणी तर माझं पोरही नाही.

त्यात धाकट्या बहिणीचा रोज फोन. "ताई, चिमणीमागच्या शाळेत पोरीला घालू ना? प्रवेश बंद होतायत गं." मी आपली म्हणायची, थांब जरा.

माझा संशय आमच्या प्लांटच्या साहेबांवर. हेच आकडे खालीवर करत असणार, म्हणून जुन्या नोंदी उकरून काढल्या. काही सापडलं नाही, उलट जास्तच राग आला. मग गेल्या आठवड्यात कोणाला पत्ता लागू न देता चिमणीवर चढले आणि नमुना घेतला. आज निकाल आला. शिसं अंदाजाच्या चौपट.

तडक क्रेनच्या केबिनमध्ये गेले. खड्ड्यातला कचरा उचलून भट्टीत टाकणारे ते मामा, सगळ्यांचेच मामा.

"मामा, खरं सांगा. नमुन्याच्या दिवशी भट्टीत काय टाकता?"

"लाकूड, कागद, चांगलं सुकं," ते सहज म्हणाले. "बॅटऱ्या, वायरी, मोडके टीव्ही दुसऱ्या दिवशी. पाहुणे यायचे म्हटलं की आपण पसारा आवरतोच ना?"

"कोणी सांगितलं असं करायला?"

"सांगायचं काय त्यात? तूच आदल्या दिवशी फोन करतेस, मामा, उद्या नमुना आहे, भट्टी नीट चालू द्या. म्हटलं, पोरीचं काम चांगलं व्हावं."

संगणक शिकला तो माझ्याच नमुन्यांवरून. वर्षभर त्यानं फक्त आवरलेलं घर पाहिलं होतं. साहेबांच्या नावानं मी उगाच बोटं मोडत होते.

जिना उतरता उतरता बहिणीला फोन लावला.

"शाळेचं थांबव."

"अगं, काल घातलंसुद्धा," ती म्हणाली. "तू काही सांगेनास, मग मीच जाऊन चौकशी केली. शाळेच्या ऑफिसात तुमच्याकडचा, हवा स्वच्छ असल्याचा दाखला लावलाय त्यांनी."

"नाव काढून घे तिचं. आजच्या आज."

"का? दाखल्याखाली तुझीच सही आहे ना, ताई?"