सागवानी डबीतलं डोंगल

धाकट्या भावाने कुरिअरने डोंगल पाठवलं आणि बाबांना आभाळ ठेंगणं झालं. वायफाय पकडणारं ते अंगठ्याएवढं यंत्र. बाबा जन्मभर सुतार, त्यांनी त्याला बसेल अशी सागवानाची डबी केली, खुपसायचं टोक तेवढं बाहेर, पॉलिशसकट. मी दिलेला चष्मा खिळ्यांच्या डब्यात लोळतो. असो.

धाकट्याच्या लेकीला आजोबांना मोठ्या पडद्यावर बघायचं होतं. पण त्यांचा कॉम्प्युटर पणजोबांच्या वयाचा, आणि कपाटांची चित्रं काढायचा प्रोग्रॅम फक्त त्यातल्या जुन्या सिस्टीमवरच चालतो, म्हणून ती बदलायची नाही. ती सिस्टीम डोंगलला ओळखच देईना. ओळख करून देणारा ड्रायव्हर शोधायचा कोणी? मीच. ऑफिसात उतरवायचा, पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळी बाबांकडे जायचं, टाकायचा, नाही चालला की पुन्हा तेच. मी वैतागायची, बाबा शेजारी स्टूल ओढून बसायचे.

"धाकटा असता तर एव्हाना लावलं असतं," ते काल म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खोक्यावरचं मॉडेल बरोबर, ड्रायव्हर त्याच मॉडेलचा, तरी घोडं अडलेलंच. आज एका जुन्या फोरमवर वाचलं, की एकाच मॉडेलमध्ये चिपा वेगवेगळ्या निघतात, डोंगलच्या पाठीवरचं लेबल बघा. पाठ तर डबीत, गोंदाने घट्ट. मी बाबांची पटाशी उचलली.

"अगं, पॉलिश," बाबा म्हणाले.

"पॉलिश गेलं खड्ड्यात, बाबा."

डबी फोडताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लेबलवर लिहिलं होतं, आवृत्ती तीन. उद्याच्या ऑफिसपर्यंत थांबायचा धीर नव्हता, त्या आवृत्तीचा ड्रायव्हर फोनवरच उतरवला, वायरीने आत टाकला, आणि वायफाय लागलं.

पडद्यावर धाकटा आला, त्याची लेक आली, बाबा पार विरघळले. मी वायर गुंडाळत बसले. मला कोण विचारतंय.

"बाबा, ते खटारं टाका आता," धाकटा म्हणाला. "नवा कॉम्प्युटर पाठवतो."

"नको रे. हा अडला म्हणून ताई रोज येऊन बसली. एरवी महिना महिना फिरकत नाही."

मी मान वर केली नाही.

धाकट्याने लेकीला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "ताईची चैन आहे. रोज तुमच्या शेजारी."

तो हसला नाही. असं बोलताना आवाज कसा होतो, ते मला चांगलंच ठाऊक होतं.