एकाच रक्ताचे दोन नमुने

समाजशास्त्राच्या सरांना 'संस्कार' हा धडा शिकवायचा होता आणि पुस्तकातली उदाहरणं त्यांना बेचव वाटत होती. अशातच त्यांना कळलं, की पहिल्या बाकावरची आणि शेवटच्या बाकावरची, सारख्या दिसणाऱ्या त्या दोघी मावसबहिणी नसून जुळ्या बहिणी आहेत. थोरली आईकडे वाढली. बाप कधीच सोडून गेलेला, आई शिवणकाम करायची. धाकटीला मूलबाळ नसलेल्या मावशीनं लहानपणीच दत्तक घेतलेलं. सर हरखले. घरबसल्या घबाड मिळालं होतं.

त्यांनी फळ्यापुढे दोन खुर्च्या मांडल्या आणि दोघींना बसवलं. थोरलीला नको होतं, पण सगळे बघत होते.

"घरात कुणी रडत असेल तर तुमच्याकडे काय करतात?"

"जवळ बसतो. काय झालं ते विचारतो," धाकटी म्हणाली.

"दार लावून घेतो. शेजारचे ऐकतात," थोरली म्हणाली.

वर्ग खुसखुसला. सरांनी दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली.

"आणि चूक झाली तर?"

"सांगून टाकायची. आई रागवत नाही." मावशीला आई म्हणायची धाकटीला सवय होती.

"सापडेपर्यंत गप्प बसायचं," थोरली म्हणाली, आणि वर्गात हशा पिकला. तिनं विनोद केला नव्हता. तिचे कान तापले.

"हसू नका रे," सर म्हणाले. "यात तिचा काही दोष नाही."

हसण्यापेक्षा हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

"रक्त एकच, नमुने दोन," सर रंगात आले होते. "हिला तिकडे ठेवलं असतं, तर ही शहाणी उत्तरं आज हिनं दिली असती."

"ठेवलं होतं की, सर," धाकटी म्हणाली. "आधी हिलाच नेलं होतं, दोन वर्षांची असताना. ही सगळ्यांना चावायची. म्हणून आईनं महिन्याभरात हिला परत आणून सोडलं आणि मला नेलं."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. खरं ते बोलायचं, एवढंच तिला शिकवलेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "माल बदलून आणला." मग मात्र हसणं आवरेना. सरांनी घाईघाईनं फळा पुसला. हे त्यांच्या धड्यात बसत नव्हतं.

थोरलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी गेल्या गेल्या तिनं आईला विचारलं. आई परकराला काठ लावत होती. मशीन थांबलं नाही.

"कुणी सांगितलं?"

"खरं आहे का?"

"चावायचीस खरी. हात सुजला होता मावशीचा."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? दोघींना पोसणं होत नव्हतं. तुला खाली ठेवलं, धाकटीला उचलून दिलं. झोपली होती, बरं झालं."

"रडलीस?"

आईनं दातांनी दोरा तोडला. "सुटले म्हटलं. एक तरी कमी झाली."

थोरली जेवली, झोपली, आणि सकाळी वर्गाबाहेर धाकटीला गाठलं.

"काल तू अर्धंच सांगितलंस," ती म्हणाली. "तुला झोपेत उचलून दिलं. आई रडलीसुद्धा नाही. एक कमी झाली म्हणाली. आणि तुझी ती आई, तिला मी हवी होते. मी चावले नसते, तर तू कोण होतीस तिची?"

धाकटीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती भिंतीला टेकली आणि रडू लागली, अगदी आवाज न करता. थोरली समोर उभी राहून नीट बघत राहिली. आपला चेहरा रडताना असा दिसतो तर, असं तिच्या मनात आलं. बरं वाटलं तिला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

तेवढ्यात सर आले. त्यांचं लक्ष स्वतःच्याच बोलण्यात होतं.

"कालचा तास प्राचार्यांच्या कानावर गेलाय. दुसऱ्या तुकडीसमोरही घ्या म्हणतात. फक्त ते परत आणण्याचं तेवढं बोलू नका. बसाल ना दोघी?"

धाकटीनं ओढणीनं डोळे पुसले आणि मान खाली घातली.

"बसू की, सर," थोरली म्हणाली. "दोघी बसू."

सरांनी धाकटीकडे पाहिलं. मावशीच्या घरी मोठ्यांना नाही म्हणायची रीत नव्हती. तिनं मान डोलावली.