पांढरा राहिलेला स्लाइस

विज्ञानाच्या बाईंनी मला वर्गात बोलावलं तेव्हा मी शाळेचे संडास घासत होते. ब्रश ठेवला आणि तशीच गेले. टेबलावर ब्रेडचे चार स्लाइस, शेजारी प्लास्टिकच्या पिशव्या.

"मावशी, या स्लाइसला जरा दोन्ही हात चोळा."

चोळले. बाईंनी तो पिशवीत घातला, दोन थेंब पाणी सोडलं आणि वर चिठ्ठी डकवली: 'घाणेरडे हात'.

वर्ग खिदळला. तिसऱ्या बाकावर माझी मुलगी होती. तिनं मान अशी खाली घातली की माझ्या काळजाला घरं पडली. बाई तशा वाईट नाहीत. संडास घासणारीचे हात, मग आणखी काय असणार, एवढाच त्यांचा हिशोब. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या स्लाइसला बाईंनी स्वतःचा हात चोळला, रुमालाला पुसून. चिठ्ठी: 'स्वच्छ हात'. तिसरा कीबोर्डवर फिरवला. चौथा चिमट्यानं उचलून नुसताच पिशवीत टाकला.

"नाही म्हणायचं होतंस," घरी मुलगी म्हणाली.

वर्ग झाडताना मी रोज त्या पिशव्या बघायची. पाचव्या दिवशी कीबोर्डवाल्यावर हिरवे ठिपके आले. सातव्या दिवशी बाईंच्या स्लाइसवर चांगली लव धरली. दहाव्या दिवशी चिमट्यानं टाकलेल्यालाही कोपऱ्यात बुरशी लागली. आणि माझा? पांढराशुभ्र! रिकाम्या वर्गात मी एकटीच पोट धरून हसले.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी बाई चिठ्ठ्या बदलायला निघाल्या. "प्रयोग फसलाय. पालकांना काय दाखवायचं?"

मुलीनं माझी पिशवी छातीशी धरली. "फसला नाही, बाई. चिठ्ठी बदलू देणार नाही."

"मार्क कापीन हं."

"कापा."

मी दारातच होते. बाईंनी ऑफिसात एक शब्द टाकला असता तर माझी नोकरी गेली असती. गेली तर गेली. मी आत आले. "ती पिशवी माझ्या हातची आहे. आहे तशीच राहील."

पालक आले, मुख्याध्यापिका आल्या. मला वाटलं, आता मुलगी सांगणार, माझ्या आईचे हात सगळ्यांत स्वच्छ. मी आधीच मान ताठ करून उभी.

"हात न लावलेल्या स्लाइसलाही बुरशी आली," मुलगी म्हणाली. "आईच्या स्लाइसला नाही आली. म्हणजे हे स्वच्छतेमुळे नाही. आई दिवसभर ब्लीचच्या पाण्यात हात घालते, तेच ब्रेडला लागलं असणार. जिथे बुरशी जगत नाही, तिथे कातडीचं काय होत असेल? शाळेनं तिला कधीच हातमोजे दिले नाहीत."

हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. रात्री हातांची आग होते, ती मी वयावर ढकलत होते.

मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या, "हा विषय आपण नंतर ऑफिसात बोलू."

"नंतर नाही," मी म्हणाले आणि दोन्ही हात पिशव्यांशेजारी टेबलावर ठेवले. बोटांच्या बेचक्यांत लाल भेगा, नखं पिवळी पडलेली. "आत्ता बघा."

पालक वाकून बघू लागले. शेवटी मुख्याध्यापिकांनाही वाकावं लागलं. त्या स्वतः हातमोजे द्यायचं बोलेपर्यंत मी हात मागे घेतले नाहीत.