नजीबचा हात

एकतीस नंबरच्या गायीत नजीबचा हात खांद्यापर्यंत गेला होता. त्याने चाचपून पाहिले, थांबला, पुन्हा पाहिले. पोटात काही नव्हते. हात बाहेर काढून त्याने हिरव्या रंगाची कांडी उचलली आणि तिच्या पाठीवर रेघ ओढली. हिरवी म्हणजे गाभण. लाल म्हणजे रिकामी, आणि रिकामी गाय उद्या खाटीकखान्याच्या ट्रकमध्ये.

नजीब गुहागरकडचा. आखातातल्या ईसा टाउनपलीकडच्या या गोठ्यात गायी भरवायचे, म्हणजे कृत्रिम रेतनाचे, आणि गाभण आहेत का ते तपासायचे काम तो एकोणतीस वर्षे करत होता. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज त्याने पहिल्यांदाच खोटी रेघ ओढली.

मांसासाठी पाळलेल्या या संकरित गायी मार्चमध्ये आफ्रिकेतल्या आठ हजार फुटांवरच्या पठारावरून आल्या होत्या. तिथे एकतीसने चार वासरे दिली होती. इथे ऑगस्टची दमट हवा. पंखे, फवारे लावूनही गायी जिभा बाहेर काढून धापा टाकत. माजावर येत नसत, आल्या तरी गर्भ टिकत नसे. मालकाला हवेशी देणेघेणे नव्हते. एकतीस मात्र नजीबची हाक ओळखायची आणि त्याचा तिच्यावर जीव होता, एवढीच गोष्ट.

दहा वाजता पशुवैद्य शुभदा सोनोग्राफीचे यंत्र घेऊन आली. पुण्याची, तिशीतली. मालकाने फक्त हिरव्या गायी तिला दाखवायला सांगितले होते. आज तपासलेल्या बारा गायींत हिरवी एकतीस ही एकच होती.

"नजीबभाई, हिच्यात काहीच दिसत नाहीये."

"मना म्हायत हाय."

"मग हिरवी का?"

"वर डोंगरात दरसाल व्यायची ती. हितली हवाच मानवत नाय तिला. थंडी पडंपर्यंत थांबलात तर गाभण ऱ्हाईल."

शुभदाने वाद घातला नाही. पण एक रेघ खोटी निघाल्यावर बाकीच्या अकराही तपासणे भाग होते. नजीबची हरकत नव्हती. त्यांच्या बाबतीत तो खोटे बोलला नव्हता.

नऊ नंबरवर लाल रेघ होती. पडद्यावर इवलासा ठिपका लुकलुकत होता.

"ही गाभण आहे," शुभदा म्हणाली. "चाळीस दिवसांची. इतक्या लवकर हाताला नाही लागत कधीकधी."

"मना पस्तिसाव्या दिसाला लागायचा."

खोटे पकडले गेले ते त्याने सोसले होते. पण खरे म्हणून सांगितले तेच चुकले, हे त्याच्या फार जिव्हारी लागले.

"मी कुणाला सांगणार नाही," शुभदा हळूच म्हणाली. "रंग बदलू, खलास."

"सांगा. एकतीसचा नि नवाचा, दोन्ही सांगा. नायतर पुढल्या खेपेला माज्या हातानं गाभण गाय कापायला जाईल."

त्याने नवाची लाल रेघ पुसून हिरवी ओढली. मग एकतीसच्या पाठीवरची हिरवी पुसून स्वतःच लाल ओढली. तिने मान वळवून त्याला हुंगले. त्याला फार वाईट वाटले.

तीन गायी अजून उरल्या होत्या. शुभदा यंत्र घेऊन पुढच्या गायीमागे उभी राहिली. आडवी येणारी शेपटी नजीबने बाजूला धरली आणि पडद्यावर काय दिसते ते ती सांगेपर्यंत तशीच धरून ठेवली.